घरचा डबा तपासत नाहीत

“अहो बाई, चमचा घालून घालून पार लगदा केलात तुम्ही त्याचा. आता माझा पोरगा खाईल काय?”

समोरची म्हातारी रडकुंडीला आली होती. मी चमचा काढला नाही. तो डब्याच्या तळापर्यंत गेला, कडेकडेने फिरला आणि मगच वर आला. या तुरुंगाच्या गेटवर उभं राहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. भातातून ब्लेड काढलंय मी, पावाच्या पोटातून सिमकार्ड काढलंय, तान्ह्या पोराच्या लंगोटातून तंबाखू काढलीय. आणणारी माणसं दर वेळी अशीच रडकुंडीला आलेली असतात.

“खाईल की. पोटात गेल्यावर लगदाच होतो,” मी म्हटलं आणि डबा पुढे सरकवला.

माझं काम एवढंच. भेटायला आलेल्या बाईची झडती घ्यायची, आणि पिशवी न् डबा कुणाचाही असो, तळापर्यंत उपसायचा. पुरुषांची झडती मिशीवाले घेतात. ते माझ्याच बरोबरीचे शिपाई, नोकरीला माझ्यापेक्षा जुने, मिशी तर त्याहून जुनी. आम्हा दोघांच्या हातून साहेबांचा मेहुणाही सुटलेला नाही. पण आमच्या गेटचा एक रिवाज आहे, कुठे लिहिलेला नाही, तरी सगळे पाळतात. स्टाफच्या घरून आलेला डबा तपासायचा नाही. मिशीवाल्यांच्या बायकोने पाठवलेल्या डब्यात मी चमचा घातला तर तो त्या माऊलीचा अपमान. घरचं माणूस म्हटलं की हात आपोआप खाली येतो.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते यातूनच झालं.

त्या वर्षी माझ्या बढतीची शेवटची संधी होती. त्यानंतर वय आड येणार होतं. बाकी सगळं जमण्यातलं होतं, अडचण एकच, मैदानाच्या फेऱ्या ठरलेल्या वेळेत पळून दाखवायच्या. पळालं तर बाहीवर फीत, बसायला खुर्ची, आणि ‘ए गेटवाली’ म्हणणाऱ्या तोंडांना ‘मॅडम’ म्हणावं लागणार. हसायचं असेल तर हसा. मला ती फीत हवी होती. लहान पोरीला रिबन हवी असते तितकी हवी होती. नवरा गेला त्यानंतर मी स्वतःसाठी असं काही मागितलंच नव्हतं.

पण पळायचं कसं? शाळा सुटल्यापासून मी फक्त बसमागे धावलेली. आमच्या कवायतीच्या मास्तरांना विचारलं तर ते म्हणाले, “पळायचं म्हणजे पळायचं. त्यात शिकायचं काय असतं?” तुरुंगाच्या डॉक्टरीणबाई भल्या आहेत, पण त्यांच्याशी बोललेलं सगळं नोंदीत जातं. पाय दुखतो असं एकदा लिहिलं गेलं की ते बढतीच्या कागदांना जाऊन चिकटतं. आमच्याकडे आजारी पडण्यापेक्षा आजारी म्हणून कळणं वाईट. मग राहिला कोण? फोन.

आणि फोनवर तर शहाण्यांचा बाजारच भरलेला. एक म्हणतो, आधी टाच टेकवा. दुसरा म्हणतो, टाच टेकवलीत तर गुडघे गेलेच म्हणून समजा. एक बाई अनवाणी पळा म्हणून सांगते आणि शेवटी बूट विकते. पेपरच्या रविवारच्या पुरवणीत लिहिलं होतं, उपाशीपोटी धावा. त्याच पेपरच्या पुढच्या रविवारी लिहिलं होतं, उपाशीपोटी अजिबात धावू नका. लिहिणारा तोच, फोटोही तोच. आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एका मावसदिराने पाठवलं होतं की पळताना जीभ टाळूला लावली की दम लागत नाही. मी लावून पाहिली. दम लागला तो लागलाच, वर जीभ चावली.

मी काही भोळी नाही. ज्या नजरेने गेटवरची माणसं बघते त्याच नजरेने मी हे सगळे बघत होते. पहिल्याच वाक्यात शपथ घेणारा बाद. ‘डॉक्टर तुमच्यापासून हे लपवतात’ म्हणणारा बाद. बोलता बोलता हळूच विकायची डबी पुढे करणारा तर केव्हाच बाद. असं करता करता एक फिजिओथेरपीवाली उरली. अंधारी खोली, डोक्यावर पंख्याची घरघर, आणि बाईचा आवाज असा की ऐकणाऱ्याला पेंग यावी. ती म्हणत होती, हळूहळू वाढवा, प्रत्येकाचं शरीर वेगळं असतं, एकाच जागी दुखत असेल तर आधी दाखवून घ्या. तिला बघणारे किती? ती, तिचा पंखा आणि मी. मला वाटलं, हिला नक्की काय करायचं तेच सांगता येत नाही. मी तिला बंद केलं.

त्याच सुमारास एका सुट्टीला मी धाकट्याकडे गेले. धाकटा म्हणजे माझा भाऊ. वडील गेले तेव्हा तो शाळेत होता, पुढचं त्याचं सगळं मीच केलं. आता आई त्याच्याकडे असते. तो व्हिडिओ कापायचं काम करतो. कुणी बोललेलं लांबलचक घ्यायचं आणि त्यातलं नको ते काढून बघण्यालायक करायचं. आणि काम कुणाकडे? धावण्याचे धडे देणारे ते प्रसिद्ध सर आहेत ना, पांढरी टोपी घालणारे, त्यांच्याकडे.

“सर बोलायला लागले की तास तास बोलतात गं, ताई,” तो जेवता जेवता सांगत होता. “हे करा, पण असं असेल तर करू नका. ते करा, पण तसं असेल तर थांबा. ‘पण’ आला की लोक उठून जातात. आम्हाला आकडे दिसतात ना, कुठे किती गेले ते. म्हणून मी सगळे ‘पण’ काढतो. तेव्हा कुठे सरांच्या बोलण्याला धार येते.”

“सरांना चालतं?”

“सर बघतात कुठे? त्यांना धावण्यातून वेळ नाही.”

आई म्हणाली, “हा लहानपणी पण असाच. निरोप अर्धाच सांगायचा.”

आम्ही सगळे हसलो. मीही हसले, अगदी पोट धरून. किती हुशार झालाय पोरगा, असंच वाटलं तेव्हा मला.

“पण सर सांगतात ते खरं असतं ना रे?”

“अगं, मी आहे ना तिथे.”

झालं. माझा हात खाली आला. साऱ्या जगाला मी गेटवर उभं करून उपसलं होतं, सरांना मात्र न उघडता आत सोडलं. घरचा डबा होता ना तो.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे तुरुंगाच्या भिंतीला धरून पळायला लागले. कानात सरांचा आवाज. ‘उठलात ना? मग अर्धं जिंकलात.’ सुरुवातीला भिंतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जाईतो जीव घशाशी यायचा. मग हळूहळू कोपरे मागे पडायला लागले. वरचा पहारेकरी आधी खोकून हसायचा, पुढे पुढे हात करायला लागला. आणि एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती, ती इथे सांगते. मला पळायला आवडायला लागलं. फीत बाजूला राहू दे, नुसतं पळायलाच. आयुष्यभर एका जागी उभी राहिलेली बाई मी. त्या भिंतीच्या बाहेरून वारा अंगावर घेत जाताना वाटायचं, हे पाय माझे आहेत आणि हे आजवर मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग नडगी दुखायला लागली. आतल्या बाजूला, एका बोटाखाली मावेल एवढीच जागा. पळताना दुखायची, उभी राहिले की दुखायची, दाबलं तर डोळ्यांत पाणी यायचं. धाकट्याला सांगावं तर तो आईला सांगणार, आणि आई येऊन माझ्या दारात ठाण मांडणार. म्हणून मी सरांनाच विचारलं. त्यांच्या व्हिडिओखाली लोक विचारतात, तिथे. स्वतःचं नाव द्यायची लाज वाटली, म्हणून ‘सकाळची हवा’ असं नाव घेतलं आणि लिहिलं, ‘सर, नडगीला एकाच जागी दुखतं. दाबलं की जास्त. परीक्षा जवळ आली आहे. धावू का?’

चहा गार व्हायच्या आत उत्तर आलं. शेजारी सरांचा टोपीतला फोटो. ‘दुखतंय म्हणजे शरीर घडतंय. हार मानू नका, ताई. धावत राहा.’

ताई म्हणाले मला. एवढा मोठा माणूस, आणि माझ्यासाठी वेळ काढून ताई म्हणाला. मी ते उत्तर कितीदा वाचलं ते विचारू नका.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला गेटवर लंगडताना पाहिलं. त्यांनी बॅग टेबलावर ठेवली आणि म्हणाल्या, “पाय दाखवा बघू.”

“काही नाही, बूट चावतोय.”

“बूट नडगीला चावतो होय? हाडाचा एक फोटो काढून घेऊ या.”

“परीक्षा होऊ द्या, मॅडम. मग काय ते फोटो काढा.”

“तुम्हाला पळायला सांगतंय कोण?”

मी सरांचं नाव सांगितलं. त्यांनी बॅग माझ्याकडे सरकवली. मग म्हणाल्या, “त्यांनी तुमचा पाय पाहिलाय?”

मला राग आला. शिकलेल्या बायकांना दुसरं कुणी काही शिकवलेलं सहनच होत नाही, असं मी मनात म्हटलं आणि त्यांची बॅग जरा जास्तच नीट तपासली.

परीक्षेच्या दिवशी मी छान पळत होते. हे मी बढाई म्हणून सांगत नाही, वेळ मोजणाऱ्या शिपायानेही नंतर कबूल केलं. माझ्याहून तरण्या पोरी मागे होत्या. शेवटची फेरी सुरू झाली, चुन्याची रेघ दिसायला लागली, आणि मागे कुणीतरी वाळकी काठी मोडल्यासारखा आवाज आला. मी वळून बघणार तोच जमीन तोंडाशी आली. काठीबिठी काही नव्हती. माझाच पाय होता तो.

मी उठायला बघत होते. दोनदा बघितलं. रेघ अगदी समोर होती, तिच्यावरचा चुना कुणाच्या तरी बुटाने पुसला गेला होता तेही दिसत होतं.

“बाई, बसून घ्या,” वरून परीक्षेचे अधिकारी म्हणाले. “बसा, बाई.”

मॅडम नाहीच.

पायात सळई घातली. हाड जुळलं, पण मनासारखं जुळलं नाही. इस्पितळात डॉक्टर म्हणाले, आधी बारीक चीर असणार, तिच्यावर तुम्ही पळत राहिलात. धाकटा रोज यायचा. माझे पाय धरून रडला. “ताई, मला सांगायचंस ना गं. मी सरांना विचारलं असतं.” मीच त्याची समजूत काढली. म्हटलं, जाऊ दे, माझं नशीब आणि माझं वय. सरांचं काही चुकलं असेल हे तेव्हा मनाला शिवलंसुद्धा नाही. एवढं कशाला, पलंगावर पडल्या पडल्या मी त्यांचे व्हिडिओ बघत होते. पळता येत नव्हतं, निदान ऐकता तरी येत होतं.

बढती त्या मागच्या पोरींपैकी एकीला मिळाली. चांगली आहे पोरगी. मला अजून ‘ताई’ म्हणते, मी तिला ‘मॅडम’ म्हणते. मला साहेबांनी दया येऊन एक स्टूल दिलं. आता मी गेटवर बसून चमचा फिरवते. टेकायला काठी आहे. शेवटी बसायला मिळालं म्हणायचं.

मग या महिन्यात साहेबांच्या डोक्यात आलं की आतल्या बायकांनाही धावायला शिकवावं. उद्घाटनाला कोण? सर.

ते आले तेव्हा मी ओळखलंच नाही. फोनवर छाती काढून बोलणारा माणूस प्रत्यक्षात वाळका, हळू बोलणारा निघाला. टोपी हातात धरली होती. मागे धाकटा, खांद्याला कॅमेऱ्याची बॅग. पाहुण्यांना तपासू नका असा साहेबांचा हुकूम होता, म्हणून मी वही पुढे केली फक्त. सही करता करता सरांचं लक्ष माझ्या काठीकडे गेलं.

“काय झालं पायाला?”

“तुमचं ऐकून पळत होते, सर.”

मी हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. खरं तर जरा लाजूनच म्हटलं. धाकटा मागून म्हणाला, “सर, ही माझी ताई.” सरांचा चेहरा उतरला.

“नक्की कुठे दुखायचं?”

मी जागेवर बोट ठेवलं.

“एकाच ठिकाणी? दाबलं की जास्त?” ते खाली वाकले. “अहो, मग पळायचंच नाही. एक पाऊल नाही. हे मी सांगितलंय. नडगीवाल्या भागातच सांगितलंय, असं बोट ठेवून दाखवलंय.”

“तो भाग मला पाठ आहे, सर. त्यात हे नाही.”

सरांनी मागे वळून पाहिलं. धाकटा बॅगेचा पट्टा सारखा करत होता. तो आधीच सरळ होता.

“लांबत होतं ते,” तो म्हणाला.

“आणि मी विचारलंही होतं तुम्हाला,” मी म्हटलं. “खाली लिहून विचारलं होतं. तुम्ही उत्तर दिलंत, धावत राहा म्हणून.”

“मी? मला त्यातलं काही येत नाही हो. उत्तरं सगळी हाच देतो.”

मिशीवाल्यांनी उगीचच किल्ल्यांचा जुडगा या हातातून त्या हातात घेतला.

“तू विचारलं होतंस?” धाकट्याने विचारलं. “कुठल्या नावाने?”

“सकाळची हवा.”

तो आठवायला लागला. अगदी मनापासून आठवत होता, ते मला दिसत होतं. मग त्याने मान हलवली. “नाही गं आठवत, ताई. सगळ्यांना तेच लिहितो मी.”

गेटवर इतकी वर्षं काढल्यावर खोटं बोलणारा माणूस लगेच कळतो, तसा खरं बोलणाराही कळतो. तो खरं बोलत होता. खोटं बोलला असता, आठवतं म्हणाला असता, तर बरं झालं असतं. त्याच्यावर चिडता तरी आलं असतं. त्याने मला मुद्दाम फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी मी तिथे नव्हतेच.

“मी बघायला हवं होतं,” सर म्हणाले. कुणाला म्हणाले कोण जाणे. तेवढ्यात आतून साहेब लगबगीने आले, सरांच्या पाठीवर हात ठेवून त्यांना घेऊन गेले. थोड्या वेळाने अंगणातून टाळ्या ऐकू आल्या आणि मग भोंग्यावरून तो ओळखीचा आवाज. ‘उठलात ना? मग अर्धं जिंकलात.’

धाकट्याला चित्रण करायला आत जायचं होतं. मिशीवाल्यांनी दाराची कडी काढली. “जा रे बाबा, तुला काय तपासायचं. घरचाच आहेस.”

“थांबा,” मी म्हटलं. “हुकूम पाहुण्यांपुरता होता. याची झडती घ्या.”

“बाई, अहो—”

“नीट घ्या. बूटपण काढायला लावा.”

मिशीवाल्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि कडी परत लावली. धाकट्याने हात वर केले. लहानपणी सदरा चढवताना मी त्याला ‘हात वर’ म्हणायचे, तेव्हा करायचा तसेच सरळ केले. ते मला नको असताना आठवलं. त्याचे बूट धावायचे होते, नवे कोरे, कुणीतरी सरांना जाहिरातीसाठी दिलेले असावेत. मोज्यांवर तो फरशीवर उभा राहिला.

बॅग मी उपसली. कॅमेरा, वायरी, बॅटऱ्या, सरांची पाण्याची बाटली, केसाळ टोपी घातलेला माइक. सगळं एकेक करून टेबलावर मांडलं. तळाशी फडक्यात बांधलेला डबा होता. आईची गाठ मला लांबून ओळखू येते.

“तो तुझ्यासाठी आहे, ताई,” तो म्हणाला. “आईने पहाटे उठून केलंय.”

“असेल.”

मी गाठ सोडली, झाकण काढलं. वाफ अजून होती थोडी. मिशीवाले दुसरीकडे बघायला लागले. मी चमचा घेतला आणि आत घातला. तळापर्यंत नेला, कडेकडेने फिरवला, भात वर केला, भाजी खाली केली, पुन्हा एकदा फिरवला. काही नव्हतं.

झाकण लावलं. फडकं जसं होतं तसं बांधायचा प्रयत्न केला, पण आईसारखी गाठ मला येत नाही. डबा बॅगेत ठेवला आणि बॅग त्याच्याकडे सरकवली.

“तपासलं. आत जाऊ शकता,” मी म्हटलं, आणि त्याच्या मागे डबा घेऊन उभ्या असलेल्या बाईला पुढे बोलावलं.